सॅमसन क्यू२यू : दुकानाच्या मागच्या खोलीतून पॉडकास्ट करणाऱ्यांसाठी एक परीक्षण

रावेर तालुक्यातील आमच्या एका स्नेह्यांचे कृषी सेवा केंद्र आहे आणि ते आपल्या गिऱ्हाइकांसाठी दर आठवड्याला केळीविषयी एक पॉडकास्ट काढतात. मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीची) लागवड कधी उरकावी, कांदेबागेला (पावसाळा सरताना लावलेल्या केळीला) थंडीत कसे जपावे, निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) वेळी ठिबकातून कोणते खत किती सोडावे, करप्यासाठी (पानांवर डाग पाडणाऱ्या रोगासाठी) कोणती फवारणी किती प्रमाणात घ्यावी, असे त्याचे विषय असतात. ऐकणारे बहुतेक रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील बागायतदार असून ते मोबाइलच्या स्पीकरवर, मोटारसायकलवर कानात बोंडे घालून किंवा केळीच्या गाडीची भराई चालू असताना ऐकतात. या पॉडकास्टसाठी गेल्या कांदेबागेपासून सॅमसन क्यू२यू हा मायक्रोफोन वापरात आहे. त्याची मांडणी, रेकॉर्डिंग आणि नंतरचे संस्करण या सर्वांत मी सुरुवातीपासून हातभार लावत असल्यामुळे त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

आरंभीच सांगितले पाहिजे की अशा पॉडकास्टमध्ये आवाजाचा दर्जा ही हौसेची बाब नाही. घुमणाऱ्या खोलीत, दूर ठेवलेल्या मायक्रोफोनसमोर ‘साठ’ आणि ‘सात’ यांतला फरक ऐकणाऱ्याला कळेलच याची खात्री देता येत नाही. स्वरांची ताकद खालच्या कंप्रतेत असते आणि ती कशीही पोहोचते, परंतु ‘ठ’ आणि ‘त’ यांना वेगळे करणारा श्वासाचा बारीक झोत साधारण २ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि प्रतिध्वनीत सर्वांत आधी तोच बुजतो. पंधरा लिटरच्या पंपात औषध किती टाकायचे हे सांगणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही चूक पिकावर उमटते. म्हणून या परीक्षणात मी मायक्रोफोनला एकच प्रश्न विचारला आहे : दुकानदाराने सांगितलेला आकडा बांधावरच्या माणसाला पहिल्या खेपेस बिनचूक ऐकू जातो का?

सॅमसन ही न्यूयॉर्क राज्यातील ध्वनिसाहित्य बनवणारी कंपनी आहे. मोबाइल बनवणाऱ्या कोरियन कंपनीशी तिचा काही संबंध नाही, हे सांगण्याचे कारण असे की दुकानात नाव उच्चारताच नेमका हाच घोळ होतो. क्यू२यू हा डायनॅमिक जातीचा, हातात धरता येईल अशा आकाराचा मायक्रोफोन असून सभेत किंवा कीर्तनात दिसणाऱ्या मायक्रोफोनसारखाच दिसतो. त्याच्या तळाशी दोन प्रकारची जोडणी आहे. यूएसबीने तो थेट लॅपटॉपला लागतो आणि एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलने मिक्सरला किंवा ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज लॅपटॉपला पोहोचवणाऱ्या पेटीला. आवाज घेण्याची त्याची पद्धत कार्डिऑइड आहे, म्हणजे तो समोरचे सर्वांत जास्त, बाजूंचे कमी आणि बरोबर पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो. यूएसबीवर तो १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंत रेकॉर्ड करतो, त्याची कंप्रताकक्षा ५० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ अशी दिली आहे, आणि हेडफोनसाठी त्याच्या अंगावरच ३.५ मिलिमीटरचे छिद्र असल्यामुळे बोलणाऱ्याला आपला आवाज किंचितही उशीर न होता कानात ऐकू येतो. संगीताच्या रेकॉर्डिंगसाठी हे आकडे कोणाला तोकडे वाटतील, परंतु बोलण्याला ते पुरून उरतात.

यापूर्वी त्या दुकानात कंडेन्सर जातीचा एक मायक्रोफोन होता. कंडेन्सर मायक्रोफोन नाजूक आवाजही टिपतो आणि स्टुडिओत तो गुण असतो, पण दुकानाच्या मागच्या खोलीत तोच गुण अंगावर येतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि कूलरवाचून बसवत नाही. बाहेरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात, शेजारी वेल्डिंगचे काम चालते, गिऱ्हाईक दारातूनच आवाज देते. हे सगळे त्या मायक्रोफोनने इमानेइतबारे टिपले होते. डायनॅमिक मायक्रोफोन मुळात कमी संवेदनशील असतो. त्याच्या तोंडाशी बोलावे लागते, आणि तसे बोलले की माणसाचा आवाज खोलीच्या आवाजाच्या कितीतरी वर राहतो. तोंड आणि मायक्रोफोन यांतले अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. पैसे खर्चून मिळत नाही एवढा फायदा नुसती खुर्ची पुढे ओढून मिळतो, आणि क्यू२यूने ही शिस्त बोलणाऱ्याला लावली ही त्याची मोठी जमेची बाजू मी मानतो.

तोंडापासूनचे योग्य अंतर चार ते सहा बोटे एवढे असावे. मात्र मायक्रोफोन तोंडाच्या अगदी समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडून थोडा तिरपा ठेवावा. मराठी बोलताना याचे महत्त्व फार आहे. फ, भ, ख, ठ, ध या महाप्राण व्यंजनांबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो, आणि शेतीच्या पॉडकास्टमध्ये तर ‘फवारणी’, ‘भाव’, ‘घड’, ‘खोड’, ‘फण्या’ यांच्यावाचून वाक्यच होत नाही. सरळ समोर बोलले की प्रत्येक ‘फवारणी’ला स्पीकरमध्ये ‘धप्प’ असा आवाज येतो. साधारण ४५ अंशांनी कोन बदलला की झोत मायक्रोफोनच्या बाजूने निघून जातो आणि शब्द तेवढा आत जातो. बरोबर येणारी फोमची टोपी घातली तर आणखी फरक पडतो. ती काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. आणखी एक बाब : याच्या टोकाकडे तोंड करून बोलायचे असते. चित्रफितींमधून दिसणाऱ्या उभ्या कंडेन्सर मायक्रोफोनप्रमाणे याच्या अंगाकडे तोंड करून बोलल्यास आवाज लांबून आल्यासारखा येतो.

खोलीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चांगल्यातला चांगला मायक्रोफोनही घुमणारी खोली दुरुस्त करू शकत नाही. या दुकानाची मागची खोली म्हणजे फरशी, सिमेंटचा गिलावा आणि समोरासमोर दोन उघड्या भिंती. मध्ये उभे राहून टाळी वाजवली की ती ठणठणत परत येई. पहिला उपाय म्हणून त्यांनी जळगावच्या प्रसिद्ध प्लास्टिकच्या चटया भिंतींना लावल्या होत्या. चटई स्वस्त आणि टिकाऊ असली तरी तिचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि जाडी नगण्य, त्यामुळे तिच्यात आवाज मुरत नाही. अंड्यांचे ट्रे लावण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याचीही गत तीच आहे. आवाज शोषायला तंतुमय, सच्छिद्र आणि जाड वस्तू लागते, आणि ती खान्देशात घरोघरी आहे : कापसाची गादी. पिंजून घेतलेल्या दोन जुन्या गाद्या बोलणाऱ्याच्या समोरच्या आणि पाठीमागच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगल्या, टेबलावर दुहेरी गोधडी अंथरली आणि एका कोपऱ्यात रिकाम्या बारदानाची थप्पी ठेवली. भिंत आणि गादी यांमधली ती पोकळी वाया जात नाही. तिच्यामुळे गादीचा परिणाम आणखी खालच्या सुरांपर्यंत पोहोचतो, म्हणून गादी भिंतीला चिकटवू नये. एवढे केल्यावर टाळीचा आवाज जागच्या जागी विरला, आणि मायक्रोफोनमध्ये दुकानदाराचा आवाज प्रथमच माणसाने शेजारी बसून बोलावे तसा ऐकू आला.

कूलरचा प्रश्न मात्र गाद्यांनी सुटत नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर, दुकान उघडण्याआधी रेकॉर्डिंग करणे सर्वांत उत्तम, आणि ते शक्य नसेल तर खोली आधी गार करून घेऊन कूलर बंद ठेवून लहान लहान तुकड्यांत बोलावे. पंखा चालू ठेवणे अगदीच भाग असेल, तर तो मायक्रोफोनच्या बरोबर पाठीमागे येईल अशी बैठक लावावी, कारण कार्डिऑइड मायक्रोफोनला सर्वांत कमी ऐकू येणारी दिशा तीच असते. क्यू२यूच्या बाबतीत हा उपाय स्पष्ट जाणवण्याइतका उपयोगी पडला. तोच पंखा बाजूला असताना येणारी घरघर मागे नेल्यावर बरीच खाली गेली.

रेकॉर्डिंगमध्ये घुंई असा एकसुरी आवाज येत असेल, तर मायक्रोफोनला दोष देण्यापूर्वी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आपल्याकडे विजेची कंप्रता ५० हर्ट्झ आहे, आणि अर्थिंग नीट नसलेल्या ठिकाणी ती व तिच्या पटीतले १००, १५० हर्ट्झचे सूर चार्जरवाटे यूएसबीत शिरतात. आमच्या प्रकरणात चार्जरची पिन निघताच घुंई थांबली. तेव्हापासून रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या बॅटरीवरच होते. त्यामुळे मधेच वीज गेली तरी काम अडत नाही, हा आणखी एक लाभ.

आता या मायक्रोफोनच्या मर्यादांकडे वळतो. त्याच्या अंगावर आवाज कमी-जास्त करण्याचे जे बटण आहे, ते हेडफोनपुरते आहे. रेकॉर्डिंगची पातळी लॅपटॉपमध्येच ठरवावी लागते, आणि ती बोलण्याची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील अशी ठेवावी. चालू-बंदचा खटका मायक्रोफोनच्या अंगावरच असल्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना त्याला हात लावू नये. आकार हातात धरण्याजोगा असला तरी पॉडकास्टसाठी तो हातात धरू नये, कारण बोटांची सरसर आत जाते. तो स्टँडवर ठेवावा. टेबलावरच्या कोणत्याही लहान स्टँडवर टेबलाचे हादरे मायक्रोफोनपर्यंत पोहोचतात, तेव्हा खाली दुमडलेली गोधडी घालावी किंवा टेबलाच्या कडेला आवळता येणारा, हवा तसा वळवता येणारा दांडा घ्यावा.

याहून महत्त्वाची मर्यादा पाहुण्यांची आहे. एकट्याने बोलायचे असेल तर यूएसबी पुरेशी आहे. परंतु समोर बागायतदार बसवून मुलाखत घ्यायची असेल, तर एकाच लॅपटॉपला दोन यूएसबी मायक्रोफोन लावून भागत नाही. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एका वेळी एकाच यंत्राकडून आवाज घेते, आणि दोघांनी एकाच मायक्रोफोनमध्ये बोलायचे म्हटले की दोघेही दूर राहतात आणि वर सांगितलेले सगळे फायदे हातचे जातात. अशा वेळी दुसरा क्यू२यू घेऊन दोन्ही एक्सएलआरने दोन इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसला जोडावेत. तेव्हा प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर येतो, आणि एकजण हळू व दुसरा मोठ्याने बोलत असला तरी नंतर पातळी जुळवता येते. पहिला मायक्रोफोन मोडीत न काढता हा विस्तार करता येतो, आणि दोन जोडण्या असलेला मायक्रोफोन निवडण्याचे माझ्या दृष्टीने खरे कारण हेच आहे. छोट्या धंद्यात वस्तू टप्प्याटप्प्यानेच घेतल्या जातात.

पाहुण्यांसंबंधी एक आग्रह येथे नोंदवतो. रावेर-यावलकडचा शेतकरी लेवा गणबोलीत आणि धुळे-अमळनेरकडचा अहिराणीत मोकळा बोलतो. मायक्रोफोन समोर येताच तो पुस्तकी मराठीत बोलू लागतो आणि त्याच्या सांगण्यातला जीव निघून जातो. त्याला त्याच्या बोलीतच बोलू द्यावे, आणि सूत्रधाराने शेवटी फक्त औषधाचे नाव, प्रमाण आणि वेळ प्रमाण मराठीत पुन्हा सांगावी. आवाज आपोआप ‘स्वच्छ’ करून देणाऱ्या ज्या सेवा आंतरजालावर मिळतात, त्यांच्या बाबतीतही सावध राहावे. प्रक्रिया जास्त झाली की गोंगाटाबरोबर महाप्राणांचा श्वास आणि बोलीतले हेलही पुसले जातात, आणि ज्या ‘ठ’साठी आपण एवढी खटपट केली तोच हरवतो.

संस्करणासाठी ऑडॅसिटीच पुरेसे आहे. सन २००० पासून उपलब्ध असलेले हे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरही चालते. रेकॉर्डिंगच्या आरंभी काही सेकंद कोणीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करावी. ‘नॉइज रिडक्शन’ला गोंगाटाचा नमुना तेथूनच मिळतो. हे साधन कूलरसारख्या एकसारख्या आवाजावर चालते, ट्रॅक्टर किंवा हॉर्नवर चालत नाही, आणि ६ ते १२ डेसिबलच्या पलीकडे ते ताणले की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. त्याआधी ८० हर्ट्झच्या खालचे काढून टाकणारे ‘हाय-पास फिल्टर’ लावावे, नंतर मोठ्या आणि हळू आवाजांतले अंतर कमी करणारा ‘कॉम्प्रेसर’ सौम्यपणे, आणि शेवटी सबंध भागाची पातळी ठरावीक आकड्यावर आणणारे ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचे माप), एकाने कमी-अधिक, आणि कमाल शिखर उणे १ डेसिबल अशी आहे. एकाच वाहिनीच्या म्हणजे मोनो फाइलसाठी हाच आकडा उणे १९ धरतात. ऑडॅसिटीत सुरुवातीला दिलेला आकडा उणे २३ असतो. तो युरोपीय प्रसारणाचा मानदंड आहे, आणि तसाच ठेवला तर मोटारसायकलवरच्या श्रोत्याला काहीच ऐकू येणार नाही. दर भागाची पातळी सारखी ठेवणे हे श्रोत्याविषयीचे सौजन्य आहे. एका भागाला आवाज वाढवायचा आणि दुसऱ्याला दचकून कमी करायचा, हा त्रास त्याला देऊ नये.

तयार झालेला भाग हेडफोनवर ऐकून संपवू नये. तो साध्या मोबाइलच्या स्पीकरवर, पंखा चालू असताना ऐकावा. बारीक स्पीकर खालचे सूर देऊच शकत नाही, म्हणून रेडिओच्या निवेदकासारखा भारदस्तपणा यावा यासाठी खर्ज वाढवण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा ३ किलोहर्ट्झच्या आसपास किंचित उठाव द्यावा. बोलणे असल्यामुळे मोनो, ६४ केबीपीएसची एमपीथ्री फाइल चालते. अर्ध्या तासाचा भाग साधारण साडेचौदा एमबीत बसतो, आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर भाग फिरतात ते याच जोरावर.

आता सादरीकरणाविषयी, कारण आवाज सुधारल्यावर तेथली कसर अधिक डोळ्यांत भरते. या पॉडकास्टच्या आरंभी आधी एका चित्रपटगीताची धून लांबलचक वाजत असे. ती दोन कारणांनी काढली. एक तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार परवानगीवाचून तशी धून वापरता येत नाही, आणि दुसरे म्हणजे ज्याला करप्याचा उपाय हवा आहे त्याला धून नको असते. तिच्या जागी आता वहीगायन ही खान्देशी लोककला सादर करणाऱ्या एका स्थानिक कलावंताकडून मानधन देऊन आणि लेखी परवानगी घेऊन वाजवून घेतलेले डफाचे काही ठोके आहेत. ते संपतात न संपतात तोच आजचा विषय एका वाक्यात सांगितला जातो. खान्देशातला पॉडकास्ट खान्देशचा वाटतो तो या ठोक्यांमुळे, आणि मला हा बदल मायक्रोफोनइतकाच मोलाचा वाटतो.

भागांची नावे ‘भाग बारावा’ अशी न ठेवता ‘कांदेबागेतील करपा : पहिली फवारणी केव्हा’ अशी ठेवल्यापासून जुने भागही शोधून ऐकले जातात. भाव सांगायचा असेल तर तारीख आणि बाजारपेठ, म्हणजे रावेरचा की बऱ्हाणपूरचा, हे दोन्ही त्याच वाक्यात सांगावे, कारण पॉडकास्ट तीन महिन्यांनीही ऐकला जातो आणि शिळा भाव ताजा समजला गेला तर नुकसान होते. औषधाचे प्रमाण दोनदा उच्चारावे, एकदा आकड्यात आणि एकदा ‘पंधरा लिटरच्या पंपाला’ अशा व्यवहारी मापात, आणि तेच खाली वर्णनात लिहावे. मुखपृष्ठाचे चित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेलचे करतात, पण मोबाइलवर ते अंगठ्याच्या नखाएवढे दिसते. त्यावर दुकानाचा पत्ता, मालकाचा फोटो, चार कंपन्यांची बोधचिन्हे आणि केळीचा घड असे सगळे कोंबल्यास काहीच वाचता येत नाही. नाव दोन-तीन शब्दांत, ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ या नावांच्या फाँटसारख्या ठळक मोफत फाँटमध्ये घ्यावे, कारण बारीक रेषांच्या अक्षरांत जोडाक्षरे आणि वेलांट्या त्या आकारात फुटतात.

खरेदीविषयी दोन सूचना. क्यू२यूच्या जुन्या आवृत्तीला मिनी-यूएसबी आणि नव्या आवृत्तीला यूएसबी-सी जोडणी आहे, तेव्हा घेताना आवृत्ती पाहून घ्यावी, कारण मिनी-यूएसबीची केबल आता खेड्यातल्या दुकानात सहज मिळत नाही. आंतरजालावरून मागवला तरी हमीपत्र आणि जीएसटीचे पक्के बिल दुकानाच्या नावाने घ्यावे, म्हणजे हमीचा प्रश्न उद्भवल्यास हातात कागद राहतो. ज्यांच्याकडे शांत, गाद्या लावलेली खोली आधीपासून आहे आणि ज्यांना आवाजात रेशमासारखा बारकावा हवा आहे, त्यांनी कंडेन्सरच पाहावा. ज्यांना चालत्या-फिरत्या शेतातून बोलायचे आहे त्यांना कॉलरला लावायचा बिनतारी मायक्रोफोन अधिक सोयीचा पडेल. परंतु दालमिलचे कार्यालय, सराफी पेढीची गादी, बियाण्यांचे दुकान, अशा ठिकाणी एका टेबलापाशी बसून आपल्या गिऱ्हाइकांशी दर आठवड्याला बोलणाऱ्याने क्यू२यू घ्यावा, आणि त्याच दिवशी माळ्यावरच्या दोन गाद्याही खाली काढाव्यात.